पुडी जपानला जाऊन आली

गाडीचं दार कसं लावायचं, हे अकोला-अमरावती पट्ट्यातल्या माणसाला कोणी शिकवत नाही. आम्ही काळीपिवळीत वाढलेली माणसं. दार दोन्ही हातांनी धरायचं, एक पाय मागं घ्यायचा आणि असं आदळायचं की ड्रायव्हरला मान न वळवता कळावं, मंडळी बसली, आता हाण गाडी. याच विद्येच्या जोरावर मी टोकियोच्या हानेदा विमानतळाबाहेर एका टॅक्सीच्या दाराला हात घातला. दार आपोआप उघडत होतं. मला वाटलं, निसटतंय. मी धरून ठेवलं, ते हिसका देऊ लागलं. मीही वऱ्हाडातला, सोडतो काय! शेवटी पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर धावत खाली उतरला आणि कमरेत वाकून माझी माफी मागू लागला. दार त्याचं मोडत होतं, मोडत मी होतो आणि माफी तो मागत होता.

"बाबा, हात लावू नका," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. "दार ड्रायव्हर उघडतो. बंदही तोच करतो."

"मंग आपण काय करायचं?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"काहीच नाही, आई. नुसतं बसायचं."

काही न करायला माणसाला इतकं लांब यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

आमची थोडी ओळख करून देतो. मी अकोल्याचा, बँकेतून निवृत्त. ही अमरावतीची, म्हणजे माहेराहून अजून निवृत्त झालेली नाही. मुलगा टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला राहतो. तिथं आपली माणसं इतकी की 2019 साली योगेंद्र पुराणिक नावाचे मराठी गृहस्थ एदोगावाच्या सभागृहावर निवडून आले. ही बातमी ऐकल्यावर हिची परदेशाची भीतीच गेली. "मराठी माणूस नगरसेवक झाला म्हणते, मंग कायचं परदेश!" असं म्हणून तिनं बॅगेत कुरड्या, मूगवड्या, सरगुंडे आणि तिळाची चटणी भरली. गल्लीतल्या जुन्या मंडळींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जपानी माल लय टिकते. एखादा टेपरेकॉर्डर आणजो." त्यांच्या लेखी जपान 1982 सालीच थांबला होता आणि मी तो घेऊन येणार होतो.

या सगळ्या सामानात माझ्या खिशात एक आवळा सुपारीची पुडी होती. खरं म्हणजे ही सगळी हकिकत त्या पुडीचीच आहे. मी आपला सोबत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिबुयाचा प्रसिद्ध चौक पाहायला गेलो. सिग्नल पडला की चारी बाजूंनी माणसांचा लोंढा रस्त्यात उतरतो आणि कोणाचा कोणाला धक्का न लागता पलीकडं पोचतो. मी चारदा पार करून पाहिला. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता कोणीतरी आपटेल. आपटलं कोणीच नाही, त्यामुळं थोडी निराशा झाली. त्या निराशेत मी पुडी फाडली, सुपारी तोंडात टाकली आणि सवयीनं हात बाजूला सोडला.

"बाबा!"

हात जागीच थांबला. "डबा कुठाय?"

"डबा नाही."

"इतक्या मोठ्या चौकात डबा नाही?"

मग त्यानं समजावलं. 1995 साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतर सार्वजनिक जागांतले बरेच डबे काढून टाकले, ते पुष्कळ ठिकाणी परत आलेच नाहीत. लोक आपला कचरा आपल्या घरी नेतात. मी खाली पाहिलं. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. डबा नाही म्हणून कचरा नाही, हे गणित माझ्या डोक्यात शिरेना. आमच्याकडं डबा नाही म्हणून कचरा असतो, आणि डबा असला तर त्याच्याभोवती असतो.

वाटेत थंड पेयाच्या यंत्राशेजारी गोल भोकाचा एक डबा दिसला. मी पुडीसकट झेपावलो. "तो फक्त बाटल्यांचा आहे," मुलानं अडवलं. "कोण पाहून राह्यलं?" मी म्हणालो. तो म्हणाला, "कोणीच नाही. तरी नाही." हे वाक्य इतकं विचित्र होतं की मी मुकाट्यानं पुडी खिशात घातली.

घरी टाकू म्हटलं, तर स्वयंपाकघरात फ्रिजवर कचऱ्याचं वेळापत्रक लावलेलं. आपल्याकडं पंचांगात एकादशी, चतुर्थी पाहतात, तशी सूनबाई सकाळी त्यात पाहते, आज जळणारा की न जळणारा. बाटली धुवायची, झाकण वेगळं, वरचं लेबल वेगळं, प्रत्येकाचा वार वेगळा. माझी पुडी वरून कागदासारखी, आतून चंदेरी. ती जळणारी की प्लास्टिकची, यावर नवराबायकोत अर्धा तास मराठीत आणि पाव तास जपानीत चर्चा झाली. निकाल लागला नाही. सूनबाई म्हणाली, "विचारून सांगते, तोवर राहू द्या तुमच्याकडंच." ती पुडी म्हणजे आमच्याकडच्या फेरफाराचं प्रकरण झाली.

सूनबाईचं फोनवरचं बोलणं हा आणखी एक घोर. पहिल्याच सकाळी तिनं फोन उचलला आणि म्हणू लागली, "हाय. हाय. हाय, हाय!" हिच्या हातातला चहाचा कप डचमळला. "कोणाचं काय झालं वं?" असं म्हणून ती डोळ्याला पदर लावायच्या बेतात, तेवढ्यात कळलं, जपानीत 'हाय' म्हणजे हो. आपल्या वऱ्हाडी 'हाव'चा लांबचा भाऊ म्हणा ना. पुढं दुकानात, बँकेत, पोस्टात, जिथं जावं तिथं हाय हाय चाललेलं. मला तर सारखं कलेक्टर कचेरीवरच्या मोर्चात असल्यासारखं वाटे. पण भाषा म्हणाल तर आपल्या जवळची निघाली. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. प्रश्नाच्या शेवटी आपल्यासारखाच 'का'. नावाला म्हणतात 'नामाए'. एवढ्या भांडवलावर हिनं शेजारच्या आजींना थेट विचारलं, "जेवल्या का?" आजी लगबगीनं "हाय, हाय" म्हणाल्या. दोघींची त्या दिवसापासून मैत्री जमली. काय बोलतात हे दोघींनाही कळत नसे, त्यामुळं भांडण व्हायचा प्रश्नच नव्हता.

खरी अब्रू गेली ती रेल्वेत. डबा माणसांनी भरलेला आणि आवाज म्हणून नाही. कोणी पेपर वाचतंय, कोणी झोपलंय. रेल्वेत फोनवर बोलत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या फोनला तर मुळीच नाही. ऐन शांततेत खिशात शेगावच्या गजानन महाराजांची आरती सुरू झाली, टाळमृदंगासह. फोन अकोल्याहून. "काय करून राह्यला बे?" हे वाक्य डब्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं. मी त्याच पट्टीत उत्तर दिलं. अकोल्यापर्यंत आवाज पोचवायचा होता. कोणी माझ्याकडं वळून पाहिलं नाही. सगळ्यांनी माना आणखी खाली घातल्या, जणू चूक त्यांचीच झाली. आपल्याकडं निदान कोणी "ओ काका, हळू!" तरी म्हणालं असतं, मग मी "तुमच्या बापाची गाडी हाय का?" म्हणालो असतो आणि विषय मिटला असता. इथं भांडायलाच कोणी तयार नाही. मी पुढच्या स्टेशनवर विनाकारण उतरलो.

जेवणाच्या बाबतीत मात्र एका क्षणी मला वाटलं, आपण घरी आलो. शेवयांसारख्या लांब नूडल्सचा वाडगा समोर आला आणि शेजारच्या टेबलावरच्या कोट-टायवाल्या साहेबांनी सुर्र करून असा भुरका मारला की आमच्या गावच्या पंगतीत तो पहिल्या रांगेत बसला असता. तिथं नूडल्स आवाज करून खाणं गैर मानत नाहीत. लग्न झाल्यापासून कढीच्या वाटीवरून मी बोलणी खातोय. मी हिच्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं आणि सगळ्या जपानचं लक्ष वेधेल असा भुरका मारला. रस्सा चष्म्यावर उडाला, पण तत्त्व जिंकलं.

हिचे हाल वेगळे. माळकरी बाई. मुलानं दरवेळी विचारायचं, यात मांस नाही ना? समोरून हसून उत्तर यायचं, नाही नाही. मासा? नाही, फक्त पाणी माशाचं. तिथला बहुतेक रस्सा 'दाशी'वर होतो आणि दाशी बहुधा सुकवलेल्या माशाची. एका ठिकाणी कोबीचं थालीपीठ म्हणून एक पदार्थ आला. त्यावर पातळ तांबूस कपटे पसरलेले आणि ते कपटे गरम वाफेनं हळूहळू हलत होते, वळत होते, मान वर करत होते. ही खुर्ची मागं सारून उभी राहिली. "अवो, हे तर जितं हाय!" ते सुक्या माशाचे काप होते आणि मेलेले होते, हे ऐकून तिला मुळीच बरं वाटलं नाही. त्या दिवसापासून तिनं तिळाची चटणी आणि भात, भात आणि तिळाची चटणी, असं जपान खाल्लं.

तिला देवाजवळ न्यावं म्हणून मुलगा आम्हाला आसाकुसाला घेऊन गेला. तिथं मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. आतला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडं पोचलेला आपला गणपती. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत. आणि देवापुढं ठेवतात काय? मुळा. पांढरा, जाडजूड, पानासकट मुळा. देवळावरच्या नक्षीतही मुळेच. ही बराच वेळ पाहत राहिली.

"गणपतीले मुया?"

"इथं तसंच असतं, आई."

"मोदक करता येत नसतीन त्याईले." तिनं पर्समधून गुळाचा खडा काढून मुळ्याशेजारी हळूच ठेवला. "उपाशी राह्यला असन बिचारा इतकी वर्षं."

मग आम्ही बुलेट ट्रेननं क्योतोला निघालो. 1 ऑक्टोबर 1964 ला सुरू झालेली ही गाडी पावणेपाचशे किलोमीटर सव्वादोन तासांत नेते. माझ्या डोळ्यांसमोर आमची शकुंतला. मूर्तिजापूरहून अचलपूरला 76 किलोमीटर जायला चारेक तास घ्यायची. 1994 पर्यंत वाफेवर चालली. तिच्यातून उतरून, कामं आटोपून, धावत जाऊन पुन्हा चढता येतं असं जुने लोक सांगत. या गाडीत असं काहीच करता येत नाही. मुलानं सांगितलं, 2017 साली इथली एक गाडी 20 सेकंद आधी सुटली, तर कंपनीनं जाहीर माफी मागितली. उशीर झाला तर तसा दाखलाही मिळतो, ऑफिसात दाखवायला. मी म्हटलं, आपल्याकडं ही पद्धत आणायची तर स्टेशनाशेजारी आधी कागदाचा कारखाना काढावा लागेल.

पण मीही काही खाली हात गेलो नव्हतो. शेजारच्या जागेवरच्या जपानी गृहस्थांना मी मुलाकरवी सांगितलं, आमच्या अमरावती-अकोला रस्त्याचं 75 किलोमीटर डांबरीकरण जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनेस बुकात नोंद आहे. ते थक्क झाले, वाकले. त्याआधी हा रस्ता किती वर्षं तसाच पडून होता, ते मी सांगितलं नाही. पाहुण्याला माडी दाखवायची असते, माळा नव्हे.

ओसाकात आणखी ताठ मानेनं फिरलो. त्या गावच्या कापड गिरण्या एके काळी हिंदुस्थानी कापसावर चालत. 1893 मध्ये मुंबई आणि कोबेच्या दरम्यान जहाजं सुरू झाली ती मुख्यतः कापसासाठी, त्यात जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. आणि वऱ्हाडच्या कापसाला जगाच्या बाजारात नावच होतं 'ऊमरा', म्हणजे उमरावती, म्हणजे हिचं माहेर. हे मी हिला सांगायला नको होतं. त्यानंतर ओसाकात ज्याच्या त्याच्या सदऱ्याकडं ती माहेरच्या नजरेनं पाहू लागली. मी मात्र सरकत्या जिन्यावर अडकलो. टोकियोत लोक डावीकडं उभे राहतात आणि घाईवाल्यांना उजवी बाजू मोकळी ठेवतात. ओसाकात उजवीकडं उभे राहतात, डावी मोकळी. मी दोन्ही गावांत मधोमध उभा राहिलो. वऱ्हाडात मधोमध उभं राहणाऱ्यालाच रस्ता मिळतो.

एका डोंगराळ गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर मुक्काम होता. तिथली सामुदायिक आंघोळ म्हणजे 'ओनसेन'. बायांची वेगळी, पुरुषांची वेगळी. आता मी नर्मदेत बुडालोय, पूर्णेत पोहलोय, संकोच असा मला नाही. माझी पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी घालून मी निघालो. दारातच एका वयस्क माणसानं दोन्ही हातांनी फुली करून अडवलं आणि माफी मागितली. चड्डी चालणार नाही. मी मुलाकडं पाहिलं, मुलगा भिंतीकडं पाहत होता. हाताला एक रुमालाएवढा पंचा मिळाला. तो पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. म्हणजे जो एक अवयव झाकायची गरज नव्हती तोच झाकायचा. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसल्यावर मात्र शेजारच्या सगळ्या डोक्यांवर पंचे पाहून वाटलं, बरं झालं, इथं कोणी अकोल्याचा नाही. वास्तविक होता. मुलगा. आम्ही दोघांनी त्यानंतर दोन दिवस एकमेकांशी डोळे भिडवून बोलणं टाळलं.

हिकडं बायांच्या दाराशी वेगळाच गोंधळ. हिच्या उजव्या हातावर गोंदण आहे. लहानपणी मावशीनं बहिरमच्या जत्रेत गोंदून आणलं, तुळस आणि खाली चार टिंबं. काउंटरवरच्या मुलीनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिकडं अनेक स्नानगृहांत गोंदलेल्यांना मनाई असते, कारण अंगभर गोंदून घेण्याची रीत तिथल्या गुंडांच्या टोळ्यांची, याकुझांची. गेली पस्तीस वर्षं मी जे म्हणत होतो, त्याला परक्या देशात दुजोरा मिळाला. मुलीनं चार वेळा माफी मागून एक कातडीच्या रंगाची पट्टी आणली आणि तुळशीवर चिकटवली. ही पाण्यात जाऊन आली आणि म्हणाली, "आंगोय बेस झाली. पण एवढ्या मोठ्या बाया, एका तुयशीले भेल्या!"

नारा गावात हजाराच्या वर हरणं मोकळी फिरतात. त्यांना देवाचे दूत मानतात. आपण वाकलो की तीही मान वाकवतात, म्हणजे त्यांना खास बिस्किटं द्यायची. मी वाकलो, हरीण वाकलं. मी पुन्हा वाकलो, ते पुन्हा वाकलं. इतकी सभ्य जनावरं मी पाहिली नव्हती. बिस्किटं संपली आणि सभ्यता संपली. एकानं मागून सदरा ओढला, दुसऱ्यानं हातातला नकाशा खाल्ला, तिसऱ्यानं थेट खिशात तोंड घातलं. खिशात पुडी. क्षणभर मला आशा वाटली, आता सुटलो! पण त्यानं ती हुंगली, माझ्याकडं एकवार पाहिलं आणि तोंड फिरवलं. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या गाईनं असा भेदभाव केला नसता.

टोकियोला परतल्यावर एक दिवस नातवाच्या शाळेत गेलो. दुपारी सगळी पोरं डोक्याला फडकी बांधून वर्ग झाडू लागली, फरशी पुसू लागली. आमचा सात वर्षांचा नातू खराटा घेऊन कोपरे काढतोय. हिनं आधी "शायेत पोराले झाडू माराले लावते?" म्हणून डोळे मोठे केले. मग गप्प झाली. गाडगेबाबांच्या जिल्ह्यातली बाई ती. शेंडगावात जन्मलेला तो माणूस गावात शिरला की आधी गाव झाडायचा, मग कीर्तन करायचा. आमच्याकडं विद्यापीठाला बाबांचं नाव दिलं, चौकाचौकांत पुतळे उभे केले, हाताशी खराटाही घडवला. पुतळ्याच्या हातातला खराटा काढून घेता येत नाही, हीच काय ती आमची अडचण.

अकोल्याला परत आलो. पुढं आठ दिवस मी जपानी होतो. ऑटोवाल्याला कमरेत वाकून नमस्कार केला, त्यानं वीस रुपये जास्त सांगितले. फोनवर हळू बोललो, तर पलीकडून "काका, रेंज नाई का?" रांगेत उभा राहिलो आणि माझ्यापुढची रांग वाढत गेली. लाल दिव्याला थांबलो, तर मागच्या दोघांनी हॉर्न वाजवला आणि तिसऱ्यानं माझ्या आईची चौकशी केली. नवव्या दिवशी एकानं खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "चालते न बापा," आणि मी पुन्हा अकोल्याचा झालो. टेपरेकॉर्डर आणला नाही म्हणून जुनी मंडळी माझ्याशी अजून बोलत नाहीत.

एकच काम उरलं होतं. सदरा धुवायला टाकताना हिच्या हाती पुडी लागली. "सारं जपान फिरवून आणली का हे?" मी पुडी घेऊन कोपऱ्यावर गेलो. आमच्या गैरहजेरीत तिथं झाकणाचे दोन नवेकोरे डबे आले होते, एक हिरवा, एक निळा. भोवती कचऱ्याचा ढीग, पण डबे आतून लख्ख. मी ओला की सुका याचा नीट विचार केला, निळ्याचं झाकण उचललं आणि हात पुढं केला.

"ओ काका!" शेजारचा चहावाला ओरडला. "नवा डबा हाय. कायले घाण करता?"

पुडी अजून माझ्या खिशात आहे. टोकियोत डबा नव्हता म्हणून, आणि अकोल्यात डबा नवा आहे म्हणून.